ट्रेसिंग चालू असतानाच कोसळणारा प्रोग्राम : हरवलेल्या पेज फॉल्ट पत्त्याचा माग कसा काढावा

पेज फॉल्टचे (हवे ते स्मृतीचे पान न मिळाल्याने येणाऱ्या अडथळ्याचे) ट्रेसिंग, म्हणजे घटना घडताना त्यांची नोंद घेणे, चालू असताना एखादा एरवी निर्दोष असलेला प्रोग्राम मध्येच सेगमेंटेशन फॉल्ट (अवैध पत्त्याला हात लावल्याची चूक) येऊन मरतो. ट्रेसिंग बंद केले की तोच प्रोग्राम दिवसभर बिनतक्रार चालतो, आणि पुन्हा चालू केले तरी पुढच्या खेपेस तो मरेलच अशी खात्री नसते. असा दोष पदरी आला की बहुतेक जण प्रोग्राममधल्या पॉइंटरांची झडती घेऊ लागतात. ते साप साप म्हणून भुई धोपटणे ठरते, कारण दोष प्रोग्रामात नसून कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने, वाचलेल्या पत्त्यात असतो. या लेखात अशा दोषाचा माग लक्षणापासून दुरुस्तीपर्यंत कसा काढावा ते सांगितले आहे. उदाहरणासाठी लिनक्सच्या एक्स८६ (इंटेल व एएमडी प्रोसेसरांच्या) शाखेतला सीआर-२ रजिस्टर बिघडण्याचा दोष घेतला आहे. तो २०१४ मध्ये दुरुस्त झाला, तरी त्याच्या उरलेल्या वाटा २०१९ मध्ये पुन्हा बुजवाव्या लागल्या. जुनी दीर्घ मुदतीची कर्नले सांभाळणाऱ्यांना, स्वतःचे ट्रेसर लिहिणाऱ्यांना आणि कर्नलचा प्रवेशमार्ग दुसऱ्या प्रोसेसरवर नेणाऱ्यांना ही पद्धत आजही उपयोगी पडते.

यंत्रणा

प्रोसेसरला एखाद्या पत्त्याचे भाषांतर करता आले नाही, किंवा पानाची परवानगी आड आली, की तो १४ क्रमांकाचे एक्सेप्शन उभे करतो. त्या क्षणी कर्नलच्या हाती माहितीचे दोन तुकडे येतात आणि ते दोन वेगळ्या जागी असतात. थांबलेल्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता, स्टॅक पॉइंटर, फ्लॅग आणि एरर कोड हे प्रोसेसर स्टॅकवर ठेवतो. ज्या पत्त्यामुळे फॉल्ट आला तो पत्ता मात्र सीआर-२ या नियंत्रण रजिस्टरात जातो. स्टॅकवरची चौकट प्रत्येक फॉल्टला स्वतंत्र मिळते, त्यामुळे फॉल्टच्या पोटात दुसरा फॉल्ट आला तरी पहिल्याची नोंद शाबूत राहते. सीआर-२ प्रत्येक सीपीयूला एकच असते. ते शाळेतल्या पाटीसारखे आहे, पुढच्याने लिहिले की आधीचे पुसले जाते.

म्हणून पेज फॉल्टच्या हँडलरने सीआर-२ वाचेपर्यंत मध्ये दुसरा फॉल्ट येता कामा नये, हा या सगळ्या मार्गाचा अलिखित करार असतो. व्यत्ययांपुरता तो करार कर्नल पाळते. पेज फॉल्टचे प्रवेशद्वार इंटरप्ट गेट म्हणून मांडलेले असल्याने आत शिरताना इंटरप्ट बंद असतात. एनएमआयला, म्हणजे बंद न करता येणाऱ्या इंटरप्टला, ही बंदी लागू होत नाही, म्हणून २०१२ पासून एनएमआयचा हँडलर आत शिरताना सीआर-२ जपून ठेवतो आणि बाहेर पडताना ते बदललेले दिसल्यास पूर्ववत करतो. ट्रेसिंगच्या बाबतीत मात्र असा पहारा नव्हता, कारण ट्रेसपॉइंट, म्हणजे कर्नलच्या कोडात पेरलेली नोंदीची जागा, केवळ नोंद करतो आणि नोंद करणाऱ्याकडून फॉल्ट येणार नाही असे गृहीत धरले गेले होते.

वापरकर्त्याच्या स्टॅकचा मागोवा (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची साखळी) मागितला की ते गृहीतक मोडते. ट्रेसर आरबीपी रजिस्टरातील मूल्य फ्रेम पॉइंटर, म्हणजे स्टॅकवरील चालू फंक्शनच्या चौकटीचा पत्ता, समजतो आणि त्या पत्त्यावरचे १६ बाइट वाचतो. त्यांत पुढच्या फ्रेमचा पत्ता आणि परतीचा पत्ता असावा अशी त्याची अपेक्षा असते. ते पान स्मृतीत नसेल तर कर्नलच्या आतच दुसरा पेज फॉल्ट येतो. हा आतला फॉल्ट निरुपद्रवी समजला जातो. पेज फॉल्ट हाताळणे तात्पुरते बंद ठेवलेले असल्याने हँडलर एक्सेप्शन टेबल (अपेक्षित फॉल्टनंतर कुठे परतायचे याची यादी) पाहून गुपचूप परततो, आणि ट्रेसर तिथेच मागोवा थांबवतो. पण सीआर-२ मध्ये आता या आतल्या फॉल्टचा पत्ता असतो. बाहेरचा हँडलर त्यानंतर सीआर-२ वाचत असेल, तर तो दुसऱ्याच पत्त्याचा न्याय करू लागतो.

दोष इतका क्वचित का दिसतो

चुकीचा पत्ता हाती पडल्यावर काय घडते याच्या तीन शक्यता आहेत. त्या नीट समजून घेतल्या तर पुढची निम्मी मेहनत वाचते.

पहिली शक्यता अशी की आतला फॉल्ट ज्या पत्त्यावर आला, तो पत्ता प्रक्रियेच्या वैध मॅपिंगमधला (तिला दिलेल्या पत्त्यांच्या पट्ट्यातला) आहे, फक्त त्याचे पान अजून स्मृतीत नाही. बाहेरचा हँडलर मग मूळ पान सोडून हे भलतेच पान आणतो आणि परततो. मूळ इन्स्ट्रक्शन पुन्हा चालते, तिला पुन्हा फॉल्ट येतो. या वेळी ट्रेसरला हवे असलेले पान हजर असल्याने आतला फॉल्ट येत नाही, सीआर-२ शाबूत राहते आणि सर्व काही सुरळीत होते. म्हणजे दोष घडून गेला, पण एका जादा फॉल्टखेरीज त्याची कुठलीही खूण उरली नाही. दुसरी शक्यता अशी की आरबीपीमध्ये वापरकर्त्याच्या पत्त्यांच्या मर्यादेबाहेरचे मूल्य आहे. तेव्हा ट्रेसरची मर्यादातपासणी वाचन होऊच देत नाही आणि सीआर-२ ला धक्का लागत नाही. तिसरी शक्यता तेवढी जीवघेणी आहे. आरबीपीमध्ये मर्यादेतले, पण कुठल्याही मॅपिंगमध्ये नसलेले मूल्य असते, उदाहरणार्थ एखादी छोटी संख्या. तेव्हा बाहेरचा हँडलर तो पत्ता अवैध ठरवतो आणि निरपराध प्रक्रियेला सिगसेग्व्ह (सेगमेंटेशन फॉल्टचा सिग्नल) पाठवतो.

फ्रेम पॉइंटर वगळून संकलित केलेल्या प्रोग्राममध्ये आरबीपी हे साधे कामाचे रजिस्टर असते. त्यात लूपचा मोजक, लांबी, फ्लॅग असे काहीही असू शकते. म्हणून हा दोष प्रोग्राम कसा संकलित केला आहे, फॉल्टच्या नेमक्या क्षणी त्या रजिस्टरात काय आहे आणि कोणते पान नुकतेच स्मृतीबाहेर गेले आहे, या तिन्हींच्या योगावर अवलंबून असतो. फेडोरा ३८ आणि उबुंटू २४.०४ या लिनक्स वितरणांनी आपली पॅकेजेस पुन्हा फ्रेम पॉइंटरसह संकलित करायला सुरुवात केली. अशा वितरणावर जुने कर्नल चालवून 'आमच्याकडे दोष दिसत नाही' असा निर्वाळा देणे म्हणूनच धोक्याचे आहे.

मृत्यूची नोंद वाचणे

प्रक्रिया मेल्यावर कर्नलच्या लॉगमध्ये एक ओळ येते. तीत फॉल्टचा पत्ता, इन्स्ट्रक्शन पॉइंटर, स्टॅक पॉइंटर आणि एरर कोड दिलेले असतात. यातला पत्ता सीआर-२ मधून आलेला असतो आणि बाकी सर्व स्टॅकवरच्या चौकटीतून. सीआर-२ बिघडले असेल तर एकाच ओळीतल्या या दोन साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत. माझ्या मते संपूर्ण शोधातली ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित तपासणी आहे.

समजा ओळीत फॉल्टचा पत्ता ४०, इन्स्ट्रक्शन पॉइंटर ५५५५५५५५५१८० आणि एरर कोड १४ असे आहे. हे तिन्ही आकडे हेक्स पद्धतीचे असतात, हे विसरू नये. एरर कोडमधला शून्यावा बिट पान हजर असूनही परवानगी नाकारली गेल्याचे सांगतो, पहिला बिट लेखनाचा, दुसरा बिट वापरकर्ता मोडचा आणि चौथा बिट इन्स्ट्रक्शन आणण्याचा असतो. हेक्स १४ मध्ये चौथा आणि दुसरा हे दोन बिट लागलेले आहेत. म्हणजे वापरकर्ता मोडमध्ये इन्स्ट्रक्शन आणताना फॉल्ट आला आणि ते पान हजर नव्हते. इन्स्ट्रक्शन आणताना आलेल्या फॉल्टचा पत्ता हा इन्स्ट्रक्शन पॉइंटरच असला पाहिजे, किंवा फार तर इन्स्ट्रक्शन दोन पानांवर पसरली असल्यास लगतच्या पानाची सुरुवात. एक्स८६ इन्स्ट्रक्शन १५ बाइटांहून लांब नसते, त्यामुळे याहून अधिक अंतराला सबब नाही. इथे पत्ता ४० निघाला. ५५५५५५५५५१८० वरची इन्स्ट्रक्शन आणण्यासाठी ४० या पत्त्याकडे जाण्याचे प्रोसेसरला काही कारण नाही. ही ओळ स्वतःलाच खोटे पाडते.

फॉल्ट डेटा वाचताना आला असेल तर थोडे अधिक काम करावे लागते. कोअर फाइल (मेलेल्या प्रक्रियेच्या स्मृतीची प्रत) जीडीबी या डीबगरमध्ये उघडावी, थांबलेल्या इन्स्ट्रक्शनचे डिसअसेंब्ली पाहावे आणि तिच्या रजिस्टरांवरून ती कोणत्या पत्त्याला हात लावणार होती ते हाताने काढावे. कोअरमधली रजिस्टरे फॉल्टच्या चौकटीतून आलेली असल्याने विश्वासार्ह असतात, तर सिगइन्फोमधला (सिग्नलसोबत येणाऱ्या माहितीतला) पत्ता सीआर-२ चा असतो. हाताने काढलेला पत्ता मॅपिंगमध्ये वैध असेल आणि सिगइन्फोमधला पत्ता वेगळाच असेल, तर संशय पक्का होतो. त्यानंतर तो वेगळा पत्ता आरबीपीच्या मूल्याशी, किंवा त्याहून ८ ने मोठ्या संख्येशी जुळतो का ते पाहावे. जुळला तर स्टॅकचा मागोवा घेणारा ट्रेसर रंगेहाथ सापडला असे समजायला हरकत नाही. मात्र थांबलेली इन्स्ट्रक्शन स्वतःच आरबीपीला आधार धरून स्मृती वाचत असेल, तर हा पुरावा बाद होतो आणि दुसरी कोअर फाइल शोधावी लागते.

लक्षण वेगळे असेल, म्हणजे प्रक्रिया न मरता संपूर्ण यंत्रच डबल फॉल्ट (फॉल्टच्या हँडलरपर्यंत पोचतानाच आलेला फॉल्ट) येऊन कोसळत असेल, तर कुळ वेगळे आहे. जुन्या एक्स८६ कर्नलमध्ये व्हीमॅलॉक क्षेत्राच्या (कर्नल चालू असताना स्वतःसाठी मागून घेते त्या स्मृतीच्या) वरच्या पातळीवरील पानतक्त्यातील नोंदी प्रत्येक प्रक्रियेत लगेच उतरवल्या जात नसत, तर पहिल्या फॉल्टच्या वेळी उतरवल्या जात. पेज फॉल्टचा ट्रेसपॉइंटच अशा स्मृतीला हात लावू लागला, तर फॉल्टमधून ट्रेसपॉइंट आणि ट्रेसपॉइंटमधून फॉल्ट असे चक्र सुरू होऊन कर्नलचा स्टॅक संपतो. २०२० मधल्या ५.८ आवृत्तीत या नोंदी आधीच उतरवण्याची पद्धत आली. त्याआधीच्या कर्नलवर मॉड्यूल म्हणून चढवलेला ट्रेसर असेल, तर ही शक्यता प्रथम निकालात काढावी.

परिस्थिती गोठवणे आणि दोष हमखास घडवणे

पुढे जाण्यापूर्वी चल घटक कमी करावेत. पत्त्यांची यादृच्छिक मांडणी प्रक्रियेसाठी आणि कर्नलसाठी, दोन्हीकडे बंद करावी. प्रोग्राम टास्कसेट या आज्ञेने एका सीपीयूला बांधावा, कोअर फाइल मिळेल अशी मर्यादा ठेवावी आणि कर्नलचे कॉन्फिगरेशन, संकलक व ट्रेसिंगचे सर्व पर्याय यांची नोंद एका ठिकाणी करावी. ट्रेसिंगच्या पर्यायांची नोंद विशेष काळजीने ठेवावी, कारण स्टॅकचा मागोवा चालू होता की नाही एवढ्या एका पर्यायावर सारे अवलंबून असू शकते.

२०१४ च्या दोषात हीच गोष्ट निर्णायक होती. एक्सेप्शन गटातील पेज-फॉल्ट-यूजर ही घटना पर्फ या लिनक्सच्या मोजणी-साधनाच्या रेकॉर्ड आज्ञेने कॉलचेनसह (स्टॅकच्या मागोव्यासह) नोंदवली की एलएससारखी साधी आज्ञासुद्धा मरत असे. कॉलचेन न मागता नोंदवली की काही होत नसे. त्या काळी ट्रेसिंग चालू होताच कर्नल एक्सेप्शनांचा वेगळा तक्ता वापरात आणत असे आणि त्यातून पेज फॉल्टचा स्वतंत्र, ट्रेसपॉइंट असलेला हँडलर बोलावला जात असे. ट्रेसिंग बंद असताना तो कोड चालतच नसे, त्यामुळे नेहमीच्या चाचण्यांत दोष दिसण्याचा प्रश्नच नव्हता. पर्फच्या सिस्टीम कॉलवर यादृच्छिक पर्यायांचा मारा करणारे पर्फ-फझर अशा अनपेक्षित जोड्या शोधायला फार उपयोगी आहे. मात्र त्याने दाखवलेली पडझड नेमक्या कारणापर्यंत आणण्याचे काम माणसालाच करावे लागते.

जोडीचा अंदाज आला की छोटा पुनरुत्पादक प्रोग्राम लिहावा. एका पानाचे अनामिक मॅपिंग घ्यावे आणि त्याला क पान म्हणावे. इनलाइन असेंब्लीत आरबीपीचे मूल्य आर-१२ मध्ये जपावे, आरबीपीमध्ये हेक्स ४० ठेवावे, क पानातला एक शब्द वाचावा आणि आरबीपी पूर्ववत करावे. आरबीपी स्टॅकवर ढकलून जपण्याचा मोह टाळावा, कारण त्याने संकलकाचा रेड झोन (स्टॅक पॉइंटरखालची राखीव जागा) बिघडून आपल्याच प्रोग्रामात नवा दोष शिरू शकतो. वाचनानंतर एमॲडव्हाइज या सिस्टीम कॉलच्या डोन्टनीड पर्यायाने पान सोडून द्यावे, म्हणजे पुढच्या फेरीत पुन्हा फॉल्ट येईल. हे लूपमध्ये चालवावे आणि सिगसेग्व्हचा हँडलर बसवून त्यात सिगइन्फोमधला पत्ता छापून बाहेर पडावे. दोष असलेल्या कर्नलवर, स्टॅकच्या मागोव्यासह ट्रेसिंग चालू असताना, हा प्रोग्राम पहिल्याच काही फेऱ्यांत ४० हा पत्ता छापून मरायला हवा.

याच प्रोग्रामचे दुसरे रूप मला अधिक मोलाचे वाटते, कारण ते मृत्यूशिवायच दोष दाखवते. वेगळ्या मॅपिंगमध्ये ख नावाचे दुसरे पान घ्यावे आणि त्याला प्रोग्रामने कधीही हात लावू नये. आरबीपीमध्ये ४० ऐवजी ख पानाचा पत्ता ठेवावा आणि क पान वाचावे. त्यानंतर प्रक्रियेच्या पेजमॅप फाइलमध्ये ख पानाच्या नोंदीचा ६३ वा बिट पाहावा, पान स्मृतीत हजर आहे का हे तो सांगतो. प्रोग्रामने त्या पानाला स्पर्श केलेला नाही आणि ट्रेसरच्या वाचनाला पाने आणण्याची मुभा नाही, त्यामुळे निर्दोष कर्नलवर ते पान हजर असूच शकत नाही. ते हजर सापडले तर बाहेरच्या हँडलरने क ऐवजी ख चा पत्ता वाचला एवढाच त्याचा अर्थ होतो. दोन्ही पाने वेगवेगळ्या लहान मॅपिंगमध्ये असावीत. एकाच मोठ्या मॅपिंगमध्ये ठेवली तर ह्यूज पेजमुळे (अनेक पानांच्या जागी येणाऱ्या एका मोठ्या पानामुळे) दोन्ही एकदम हजर होऊन निष्कर्ष फसेल.

चाचणीसाठी क्यूइमू आणि केव्हीएम ही व्हर्च्युअल यंत्र चालवणारी साधने सोयीची पडतात, कारण मॉनिटरमध्ये रजिस्टरांची माहिती मागितली की सीआर-२ देखील दिसते. पण शेवटची खात्री प्रत्यक्ष यंत्रावर करून घ्यावी. इंटेलच्या व्हर्च्युअलायझेशनमध्ये गेस्टचे (व्हर्च्युअल यंत्राचे) सीआर-२ हार्डवेअर आपोआप जपत नाही, ते हायपरव्हायझरलाच (व्हर्च्युअल यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) सांभाळावे लागते. एएमडीमध्ये ते गेस्टच्या नियंत्रण ब्लॉकमध्ये असते. म्हणजे व्हर्च्युअल यंत्रात सीआर-२ बिघडण्याचे आणखी एक स्वतंत्र कारण संभवते.

साक्ष गोळा करताना साक्षच बिघडू नये

स्मृतीतल्या बदलावर पहारा ठेवायला हार्डवेअर वॉचपॉइंट असतो, पण नियंत्रण रजिस्टरावर तसा पहारा बसवता येत नाही. पेज फॉल्टच्या प्रवेशावर केप्रोब (चालत्या कर्नलमध्ये बसवता येणारा तपास-बिंदू) देखील लावता येत नाही, कारण ती फंक्शने जाणूनबुजून वर्ज्य ठेवलेली आहेत. म्हणून कर्नल नव्याने संकलित करून सीआर-२ दोनदा वाचणे हाच सरळ मार्ग उरतो. एकदा प्रवेशाच्या अगदी पहिल्या टप्प्यावर आणि एकदा जिथे मूळ कोड ते वाचतो तिथे. दोन मूल्ये वेगळी निघाली की दोन्ही पत्ते, एरर कोड, इन्स्ट्रक्शन पॉइंटर आणि आरबीपी यांची नोंद करावी.

ही नोंद कुठे करायची हे महत्त्वाचे आहे. प्रिंटके हे कर्नलचे लॉगमध्ये छापणारे फंक्शन वापरू नये. कन्सोलवर छापण्यास लागणारा वेळ सारी लय बदलतो आणि दोष पळून जातो, शिवाय त्या वाटेवर लॉक असतात. ट्रेस-प्रिंटके त्याहून हलके आहे, पण स्टॅकचा मागोवा चालू असताना ते स्वतःच त्या मागोव्याला आमंत्रण देऊ शकते आणि मग आपणच सीआर-२ बिघडवून बसतो. स्थिरपणे घोषित केलेला, प्रत्येक सीपीयूसाठी वेगळा छोटा ॲरे आणि त्यात फिरता निर्देशांक एवढे पुरते. तो ॲरे मुख्य कर्नलमध्येच असावा. मॉड्यूलमध्ये ठेवला तर ५.८ पूर्वीच्या कर्नलवर तो व्हीमॅलॉक क्षेत्रात पडून वर सांगितलेल्या दुसऱ्या दोषाला निमंत्रण देऊ शकेल. नोंद करणाऱ्या फंक्शनला नोट्रेस ही खूण लावावी, नाहीतर फंक्शन ट्रेसर त्याचाही माग घेऊ लागेल.

फरक सापडताच ट्रेसिंग थांबवणारे फंक्शन बोलावावे, म्हणजे रिंग बफर त्याच क्षणी गोठतो आणि आदल्या घटना पुसल्या जात नाहीत. यंत्रच कोसळत असेल तर उप्सच्या (कर्नलच्या गंभीर चुकीच्या) वेळी एफट्रेस या कर्नलच्या ट्रेसरचा बफर उतरवण्याचा बूट पर्याय चालू ठेवावा आणि केडंप (कोसळताना स्मृतीची प्रत घेणारी यंत्रणा) बसवावे. क्रॅश या साधनातून पर-सीपीयू ॲरे आरामात वाचता येतो.

शोधक्षेत्र अर्धे करत जाणे

आता सीआर-२ बिघडवणारा नेमका कोण ते शोधायचे. आधी पर्याय एकेक करून वगळावेत: वापरकर्त्याच्या स्टॅकचा मागोवा, फंक्शन ट्रेसर, इंटरप्ट बंद-चालू होण्याच्या घटना आणि नो-हर्ट्झ-फुल (सीपीयूवरचा टाइमर टिक शक्य तितका बंद ठेवणारी व्यवस्था) वापरत असल्यास कॉन्टेक्स्ट ट्रॅकिंगच्या, म्हणजे वापरकर्ता व कर्नल मोडमधल्या ये-जा नोंदीच्या, घटना. फंक्शन ट्रेसरवर संशय असेल तर फंक्शनांची यादी अर्धी-अर्धी करत जाणारी एफट्रेस-बायसेक्ट ही स्क्रिप्ट कर्नलच्या स्रोतातच मिळते.

दोष एका आवृत्तीत नव्हता आणि पुढच्या आवृत्तीत आला असे वाटत असेल तर गिट बायसेक्टकडे (कमिटांची यादी निम्मी करत दोषी कमिट शोधणाऱ्या साधनाकडे) वळावे, पण क्वचित दिसणाऱ्या दोषात ते फसवे असते. दोष दिसला तर कमिट वाईट, हे निश्चित असते. दोष दिसला नाही तर कमिट चांगला, हे मात्र किती वेळा तपासले यावर ठरते. दोष दर २० खेपांत सरासरी एकदा येत असेल, तर तो हजर असूनही सलग ५९ खेपांत न दिसण्याची शक्यता जवळपास ५ टक्के असते. ती १ टक्क्यावर आणायला ९० खेपा लागतात. दोन आवृत्त्यांमध्ये १६ हजार कमिट असतील तर सुमारे १४ पायऱ्या होतात आणि प्रत्येक 'चांगला' या निकालाची अनिश्चितता साचत जाते. एक चुकीचा निकाल पडला की पुढचा सगळा प्रवास भलत्या दिशेने होतो आणि त्याची चाहूलही लागत नाही. पेजमॅप पाहणारा पुनरुत्पादक हाती असेल तर हे गणित करावेच लागत नाही, कारण तो एका खेपेत उत्तर देतो. जी आवृत्ती संकलितच होत नाही तिच्यासाठी बायसेक्टच्या स्क्रिप्टने १२५ हा निर्गम संकेतांक परत करावा, म्हणजे ती वगळली जाते.

कोडवर बोट ठेवून वाचणे

माझा अनुभव असा आहे की इथपर्यंत पोचल्यावर साधनांपेक्षा वाचनच अधिक देते. प्रोसेसर कर्नलमध्ये शिरतो ती पहिली असेंब्लीची ओळ आणि सीआर-२ वाचणारी ओळ, या दोहोंमध्ये येणारा प्रत्येक कॉल कागदावर क्रमाने उतरवावा. मॅक्रो उलगडून पाहावेत, कारण निरुपद्रवी नावाच्या मॅक्रोमागेच कॉल दडलेले असतात. प्रत्येक कॉलपुढे एकच प्रश्न विचारावा: या वाटेने कुठल्याही कॉन्फिगरेशनमध्ये ट्रेसपॉइंटपर्यंत जाता येते का?

२०१४ मधली पहिली दुरुस्ती ट्रेसपॉइंट असलेल्या हँडलरपुरती होती. सीआर-२ ट्रेसपॉइंटच्या आधी वाचून ठेवावे, एवढाच तिचा सारांश होता. पाठोपाठच्या दुसऱ्या पॅचने वाचलेला पत्ता ट्रेसपॉइंटलाही पुरवला, म्हणजे तो सीआर-२ पुन्हा वाचणार नाही, आणि हँडलरच्या दोन्ही फंक्शनांना नोट्रेस लावले, कारण फंक्शन ट्रेसर हँडलरच्या पहिल्या ओळीच्याही आधी चालतो. सी भाषेतल्या कोडपुरते हे बरोबर होते. पण त्या फंक्शनपर्यंत पोचण्यापूर्वी असेंब्लीतला प्रवेशमार्ग दोन कॉल करत होता. एक इंटरप्ट बंद झाल्याची नोंद करणारा आणि दुसरा वापरकर्ता मोडमधून बाहेर आल्याचे कॉन्टेक्स्ट ट्रॅकिंगला सांगणारा. दोन्हींच्या पोटात ट्रेसपॉइंट होते. इंटरप्ट बंद होण्याची घटना आणि वापरकर्त्याच्या स्टॅकचा मागोवा हे दोन पर्याय एकत्र चालू केले की जुना दोष जसाच्या तसा समोर उभा राहत असे. पाच वर्षे ते भोक उघडेच होते, कारण सी फंक्शनची पहिली ओळ म्हणजेच मार्गाची सुरुवात असे वाचणाऱ्याला सहज वाटते.

दुरुस्ती कुठे करावी

ट्रेसरनेच सीआर-२ जपावे आणि परत ठेवावे, हा उपाय पहिल्यांदा सुचतो. एनएमआयमध्ये तो योग्यच आहे, कारण एनएमआय कुठेही उपटू शकतो. पेज फॉल्टच्या मार्गावर मात्र तो टिकत नाही. आज अस्तित्वात असलेल्या आणि उद्या लिहिल्या जाणाऱ्या प्रत्येक ट्रेसरला तो नियम माहीत असावा लागतो आणि एकाने विसरला की दोष परत येतो. त्याउलट पत्ता शक्य तितक्या आधी वाचून आर्ग्युमेंट म्हणून पुढे नेला, तर मधल्या कोणीही सीआर-२ बिघडवले तरी फरक पडत नाही. कर्नल विकासक पीटर झिल्स्ट्रा यांच्या २०१९ च्या पॅचने, जो ५.३ आवृत्तीत आला, नेमके हेच केले. प्रवेशाच्या असेंब्लीतच, ट्रेसिंगचा पहिला कॉल होण्यापूर्वी, सीआर-२ आर-१२ मध्ये घेतले आणि हँडलर बोलावताना तिसरे आर्ग्युमेंट म्हणून दिले. आर-१२ हे बोलावलेल्या फंक्शनने जपायचे रजिस्टर असल्याने मधल्या कॉलमुळे ते हलत नाही.

जुन्या कर्नलवर असा पॅच उतरवताना पॅराव्हर्च्युअल मार्ग (हायपरव्हायझरच्या मदतीने चालणाऱ्या गेस्टचा मार्ग) विसरू नये. झेन या हायपरव्हायझरच्या पॅराव्हर्च्युअल गेस्टमध्ये हा पत्ता हायपरव्हायझरशी सामायिक असलेल्या स्मृतीतून येतो आणि तो वाचणे हाच एक फंक्शन कॉल असतो. तो कॉल ट्रेस होत असेल किंवा इतर रजिस्टरे बिघडवत असेल, तर दुरुस्तीच्या पोटातच नवे भोक पडते. इंटरप्ट पुन्हा चालू करण्याचा क्षण पत्ता वाचल्यानंतरच येतो ना, हेही तपासावे. आधी आला तर प्रक्रिया दुसऱ्या सीपीयूवर जाऊन तिथले परके सीआर-२ वाचले जाईल.

५.८ पासून प्रवेशमार्गाचा नाजूक भाग नोइन्स्ट्र नावाच्या वेगळ्या विभागात ठेवला जातो आणि त्या विभागातून बाहेर अनवधानाने कॉल गेला तर ऑब्जटूल हे तपासणी-साधन संकलनाच्या वेळीच इशारा देऊ शकते. कागदावर कॉल उतरवण्याचे काम तिथे बऱ्याच अंशी यंत्र करते. तो इशारा केवळ कटकट समजून दाबून टाकणारे पॅच विक्रेत्यांच्या कर्नलमध्ये दिसले, तर ते आधी काढून पाहावेत. इंटेलच्या फ्रेड या नव्या यंत्रणेत तर फॉल्टचा पत्ता प्रोसेसर स्टॅकवरच्या चौकटीतही ठेवतो आणि फ्रेड चालू असेल तेव्हा लिनक्स तो तिथूनच घेते. एआरएम-६४ मध्ये एफएआर आणि रिस्क-व्हीमध्ये एसटीव्हॅल ही रजिस्टरे याच स्वरूपाची आहेत. तिथे काम करणाऱ्यांनी पहिला प्रश्न तोच विचारावा: वाचनापूर्वी काय काय घडते?

दुरुस्तीची परीक्षा

पॅच लावल्यावर पुनरुत्पादकाची दोन्ही रूपे चालवावीत, आणि तीही जुन्या व नव्या कर्नलवर, त्याच कॉन्फिगरेशनने. जुन्या कर्नलवर अपयश दिसलेच पाहिजे, नाहीतर नव्यावरच्या यशाला किंमत नाही. पेजमॅपच्या रूपात दुरुस्तीनंतर ख पान गैरहजर राहिले पाहिजे आणि क पान हजर झाले पाहिजे. क देखील गैरहजर असेल तर चाचणीच चुकीची बांधली आहे. ३२ बिट कर्नल पुरवत असाल तर त्याची परीक्षा वेगळी घ्यावी, कारण त्याचा प्रवेशमार्ग वेगळा आहे आणि २०१९ मध्ये त्यालाही स्वतंत्रपणे हात लावावा लागला होता. पर-सीपीयू ॲरेचा तपासणी पॅच या वेळी काढू नये. दुरुस्तीनंतरही सीआर-२ ची दोन वाचने अधूनमधून वेगळी निघतील आणि तसे निघणे इष्ट आहे. आतला फॉल्ट खरोखर येत आहे आणि तरी प्रक्रिया जिवंत आहे, हे त्याशिवाय कळणार नाही. फरकांची संख्या शून्य असेल तर दुरुस्ती तपासली गेलीच नाही असे धरावे आणि ट्रेसिंगचे पर्याय खरोखर चालू आहेत का, इथपासून पुन्हा पाहावे.